टाकीसाठी हात हवा

सोमवार, ३

पोचलो एकदाचा. ही वही बसच्या सीटवरच राहिली होती, कंडक्टरने मागून हाक मारून आणून दिली. वही बायकोने दिलेली आहे. डोकं फिरलं की लोकांवर ओरडायचं नाही, यात लिहायचं, असा हुकूम आहे. अजून डोकं फिरावं असं काही घडलेलं नाही, म्हणून नुसतंच लिहितो.

जाहिरातही तिनेच शोधली. ‘समुद्री टाकीसाठी हात हवा. राहण्याची सोय.’ एवढंच होतं. वाचून ती हसायला लागली. म्हणाली, त्यांना हात हवाय, तोंड तेवढं इथेच ठेवून जा. तिचं काही चुकलं नाही. शोभेच्या माशांच्या दुकानात अकरा वर्षं काढली आणि एका गिऱ्हाइकाने गंमत म्हणून टाकीत कोल्ड्रिंक ओतलं तेव्हा त्याच्या कानाखाली आवाज काढला. पुढच्या दोन नोकऱ्याही अशाच गेल्या. आता तिने सरळ सांगितलंय. अठ्ठावीस तारखेपर्यंत कुणाशी न भांडता टिकलो तर शिलाई मशीन आणि दोन बॅगा घेऊन ती इकडे येणार. नाहीतर भावाकडे जाणार, ती कायमचीच. तिच्याशिवाय माझं पान हलत नाही, हे तिला तोंडावर सांगायला मात्र मला कधी जमलेलं नाही.

घर चढावर आहे, दुमजली, आजूबाजूला वस्ती विरळ. खाली टाकीची खोली, मागे परसात नळ आणि बादल्या. माझी खोली टाकीच्या बरोबर वर. जमिनीत वीतभर रुंद भोक आहे, जुना पाइप जायचा तिथून. खालचा निळा उजेड त्यातून माझ्या छतावर हलतो. मला आवडलं. छतावर समुद्र असलेली खोली कुणाला मिळते.

घरात दोघे भाऊ, थोरले आणि धाकटे. थोरले साठीचे, गप्पिष्ट, तोंडभर सुरकुत्या, डाव्या हाताची करंगळी नाही. धाकटे हुबेहूब त्यांच्यासारखे, पण नुकतीच इस्त्री करून आणल्यासारखे. एक सुरकुती नाही, एक तीळ नाही, आणि बोलतात फार कमी. हात मिळवला तर ओलसर लागला. मी म्हटलं, थोरल्यांच्या वाटणीची करंगळीही यांनाच मिळालेली दिसते. थोरले खो खो हसले.

मंगळवार, ४

आज टाकी नीट पाहिली. बारा फूट लांब, माझ्या छातीइतकी उंच, वरून उघडी. आत फांद्यांची प्रवाळं, पंख्यासारखी प्रवाळं, खडकांच्या कपारी. अशी टाकी मी आयुष्यात पाहिली नव्हती. आणि तिची अशी दुर्दशाही पाहिली नव्हती. सगळ्यावर गंज चढल्यासारखा थर. जवळ जाऊन बघितलं तर थर सरकत होता. चपटे किडे. नखाएवढे, तांबूस, मागे शेपटीला दोन टोकं. प्रवाळावर गोधडीसारखे पसरतात, खाली उजेड पोचू देत नाहीत, प्रवाळ उपाशी मरतं.

दुकानात आम्ही औषध घालून मोकळे व्हायचो. थोरल्यांनी आधीच हात वर केला. औषध नाही. सगळे एकदम मेले की अंगातलं विष सोडतात आणि टाकीतलं झाडून सगळं मरतं. ते बरोबर आहे, मी एकदा हात पोळून घेतलेत. म्हणून इथे सगळं नैसर्गिक. उजेड कमी, खाणं कमी, पाण्याचा झोत वाढवायचा, बारीक नळीने किडे ओढून घ्यायचे, आणि त्यांना खाणारे आणायचे.

दोन गोष्टी मात्र त्यांनी बोट रोखून सांगितल्या. एक, किडा तोडायचा नाही. कितीही चिवट असो, ब्लेड लावायचं नाही. तुकडा पडला की त्याचा वेगळा किडा होतो, एकाचे दोन, दोनाचे चार. दुसरी, टाकीच्या खोलीत साधं पाणी आणायचं नाही. प्यायचं असेल तर बाहेर जाऊन प्यायचं. या दुसऱ्या नियमाचं कारण विचारलं तर म्हणाले, धाकट्यांना सोसत नाही. मला वाटलं, खारट पाण्याचा तोल बिघडेल असं म्हणायचं असेल त्यांना.

गुरुवार, ६

दोन दिवस नळी घेऊन ओढतोय. नळीच्या टोकाला जुना मोजा बांधलाय. पाणी गाळून परत टाकीत, किडे मोज्यात. कंबरडं मोडतं, पण काम झाल्यासारखं दिसतं. मोजा भरला की परसात जाऊन साध्या पाण्याच्या बादलीत झटकायचा. काय तो तमाशा. साधं पाणी लागताच वळवळतात, फुगतात आणि फुटतात. दोन मिनिटांत बादली गंजाच्या पाण्याने भरते. खोटं कशाला बोलू, मला मजा येते. डोक्यातला सगळा राग मी त्या बादलीत झटकतो. बायकोला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, तेवढ्याने तुमचं भागत असेल तर लग्नातच एक बादली मागून घेतली असती.

धाकटे दुपारभर टाकीच्या दिव्याखाली उभे असतात. तोंड वर करून, डोळे मिटून. किडेही असेच उजेडाकडे गोळा होतात. माणसाला उन्हाची आवड असते, यांना दिव्याची आहे म्हणायची. मी परसात बादली उचलली की ते घरातून गायब होतात.

रविवार, ९

आज पहिला खाणारा आला. बोटभर मासा, अंगावर सहा पट्ट्या, म्हणून मी त्याला सहापट्टी म्हणतो. सोडताक्षणी कामाला लागला. किडा चिमटीत धरल्यासारखा तोंडात पकडतो, खडकावर दोनदा आपटतो आणि गिळतो. तासाभरात एक फांदी मोकळी केली. मग वळला आणि वाळूतल्या पिवळ्या माशाचा डोळा काढला. मी हात घालेपर्यंत दुसराही काढला होता. आंधळा मासा भिंतीवर डोकं आपटत राहिला, शेवटी मीच त्याला बाहेर काढून संपवला. मला वाईट वाटलं. थोरल्यांना नाही वाटलं. म्हणाले, नैसर्गिक म्हणजे काय, कुणीतरी कुणालातरी खाणारच, आपण फक्त कोण कुणाला ते ठरवायचं.

मी सहज विचारलं, माझ्या आधी इथे कोण होतं. त्यांनी सांगितलं, आधीचा हातही चांगला होता, पण पुरला नाही. टिकला नाही म्हणायचं असेल. पुरला नाही असंच म्हणाले, मी दोनदा विचारून घेतलं.

बुधवार, १२

दुसरा खाणारा. बिनकवचाची समुद्री गोगलगाय, मखमलीसारखी काळी, कडेला विजेच्या ठिणगीसारखी निळी रेघ. ही चपट्यांशिवाय दुसरं काही खातच नाही. किड्यावर सावकाश चढते आणि अख्खा आत ओढून घेते. पंपात ओढली जाऊन चिंधड्या होऊ नयेत म्हणून मी पंपांच्या तोंडांना स्पंज बांधले. टाकी सुधारायला लागली आहे. पंख्याच्या प्रवाळाने आज पहिल्यांदा बोटं उघडली. मी एकटाच खोलीत हसत होतो.

थोरले शेजारी येऊन उभे राहिले. या गोगलगाईचं त्यांना वाईट वाटतं म्हणाले. किडे आहेत तोवर हिची चैन, किडे संपले की उपाशी मरणार. एकच अन्न चालणाऱ्याची जबाबदारी मोठी असते, आणत राहावं लागतं. हे बोलताना ते गोगलगाईकडे बघत नव्हते. धाकट्यांकडे बघत होते.

मागच्या व्हरांड्यात कुलूप लावलेला फ्रीज आहे. धाकट्यांचं जेवण त्यात असतं आणि ते एकटेच जेवतात. मला काय करायचंय. अजून कुणाशी भांडलेलो नाही, सोळा दिवस राहिलेत.

शनिवार, १५

एकाच हाताने वही सांभाळून लिहितोय, अक्षर वाईट येईल.

सकाळी मोठ्या खडकामागे एक चपटा सापडला, तळहाताएवढा. एवढा मोठा नसतो हा प्रकार. सहापट्टी जवळ गेला आणि उलटा पळाला. गोगलगाय त्याच्यावर चढायला गेली तर त्यानेच तिला कडेने गुंडाळायला सुरुवात केली. नळी लावली, चिकटून बसला. नखाने काढायला गेलो, काचेवर सरकला. दीड तास मला त्याने नाचवलं. आणि मग माझं फिरलं. शिवी हासडली, काच खरवडायचं ब्लेड उचललं आणि दिला एक घाव. दोन तुकडे झाले तरी दोन्ही सरकत होते. म्हणून आणखी. डावा हात काचेवर टेकवून मी मारत होतो, पाण्यात काही दिसत नव्हतं, आणि पाचव्या घावाला करंगळीचं वरचं पेर गेलं.

दुखलं नाही आधी. पाणी लाल झालं, ते किड्यांचं वाटलं. मग बोटाकडे बघितलं तर पांढरं हाड. पेर खाली जाताना मी पाहिलं, नखासकट, हळूहळू फिरत. मोठ्या खडकाच्या कपारीत गेलं ते. सहापट्टी रक्तात वेड्यासारखा गोल फिरत होता.

थोरल्यांनी पट्टी बांधली. मला वाटलं चिडतील, हाकलतील. उलट लहान मुलाला समजवावं तसं समजावत होते. डॉक्टरकडे नको म्हणाले, शिवायचं सगळं सामान त्यांच्याकडे होतंच. चार टाके घातले, सफाईने. पट्टीची गाठ मारताना म्हणाले, आता तुम्ही घरचेच झालात.

रविवार, १६

बायकोचा फोन आला होता. बोटाचं काही सांगितलं नाही. सांगितलं तर कसं झालं विचारणार, मग ब्लेड, मग डोकं फिरलं, मग ती भावाकडे. म्हटलं सगळं झकास आहे. तिने मशीन बांधायला सुतळी आणलीय. अठ्ठावीसचं तिकीट काढलं. समोर आल्यावर सांगेन, तेव्हा ती ओरडेल आणि मग स्वतःच पट्टी बदलेल.

मोठ्या किड्याच्या तुकड्यांचे पाच अख्खे किडे झालेत. एका रात्रीत. कपारीत पेर शोधायला गेलो तर धाकट्यांनी माझं मनगट धरलं. ताकद बघून चकित झालो. नाही म्हणाले, राहू दे.

मंगळवार, १८

पेर सापडलं. सापडलं म्हणजे दिसलं. कपारीतून बाहेर येऊन उजेडाखाली वाळूत पडलंय. नख माझंच, कडेला तुटलेलं. पण पेर एक नव्हतं, तीन होती. अख्खी करंगळी. खालच्या बाजूला भिजवलेल्या कणकेसारखं काहीतरी फुगलंय.

माझा डोळ्यांवर विश्वास आहे. अकरा वर्षं मी पाण्यातल्या गोष्टी बघतोय. ते वाढतंय.

गुरुवार, २०

आता हात आहे. मनगटापर्यंत, पुढे फिकट मांसाचा गोळा. सहापट्टीने त्याच्या नखाला चोच मारली. हात उघडला, मिटला. मासा बोटांतून दोन्हीकडे बाहेर आला. मग गोगलगाय. हाताने तिला सावकाश दाबून पुसून काढली, काचेवर निळी रेघ राहिली फक्त. किडे सगळे त्याच्या अंगावर चढून बसलेत, खायला नाही, ऊब घ्यायला बसल्यासारखे.

थोरल्यांना जाब विचारला. त्यांनी मला खुर्ची दिली आणि शांतपणे सगळं सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी या टाकीत त्यांची करंगळी गेली. तिचे धाकटे झाले. सख्ख्या भावापेक्षा सख्खे, म्हणाले. साध्या पाण्याने त्यांची कातडी सुटते. आणि त्यांना चपटे खाणाऱ्या गोगलगाईसारखं एकच अन्न चालतं. म्हणून जाहिरात द्यावी लागते. मी म्हटलं, मदतनीस हवा अशी जाहिरात होती. ते म्हणाले, नाही, नीट वाचा, हात हवा असं लिहिलं होतं, आणि हातापासूनच सुरुवात करतो आम्ही.

फ्रीज. आधीचा हात त्यात गेला आणि पुरला नाही.

मला लगेच मारणार नाहीत. फोन मात्र काढून घेतलाय. मी आता घरचा. माझाही धाकटा येतोय आणि त्यालाही कुणीतरी लागणार. मग त्यांनी अगदी घरगुती आवाजात विचारलं, अठ्ठावीसला वहिनी येणार आहेत ना.

शनिवार, २२

काल पळायचा प्रयत्न केला. फसला. आज बसून लिहितोय कारण उभं राहता येत नाही.

परसातून निघालो. धाकटे फाटकाशी उभे. माझ्या हातात साध्या पाण्याची भरलेली बादली होती, मुद्दामच घेतली होती. अख्खी त्यांच्या तोंडावर ओतली. किड्यांचं होतं तेच झालं. चेहरा फुगला, कपाळाची कातडी डोळ्यांवरून हनुवटीपर्यंत उतरली, खाली काही नव्हतं, गंजाचा चिखल. ते माझ्या अंगावर पडले आणि माझ्या छातीवर फुटले. ओरडले नाहीत, त्यांचा हात मात्र माझा गळा शोधत राहिला, दंडापासून सुटला तरी शोधतच राहिला. मी तो पायाखाली घालून तुडवला. मला बरं वाटलं. हे लिहायला हवं, खरंच बरं वाटलं.

फाटकाची कडी काढत होतो तेव्हा थोरल्यांनी मागून हातोडा घातला. उजव्या गुडघ्यावर. पडलो तेव्हा डाव्यावर. वाटी फुटल्याचा आवाज मी ऐकला. मग ते चिखलात बसले आणि हुंदके देऊन रडले, मुलगा गेल्यासारखे. रडून झाल्यावर मला जिन्यावरून ओढत खोलीत आणलं, दार बंद केलं.

भोकातून बघितलं. ते टाकीपाशी गेले. डाव्या हाताची अनामिका काचेच्या कडेवर ठेवली, ब्लेड टेकवलं, वरून हातोडा मारला. बोट पाण्यात पडलं. पट्टी बांधता बांधता त्याच्याशी बोलत होते. लवकर ये रे, असं म्हणत होते.

टाकीतला माझा आता छातीपर्यंत झालाय. तोंड आहे. डोळे मिटलेले. माझं तोंड.

रविवार, २३

थोरले माझा फोन घेऊन आले. हातोडा मांडीवर. बायकोशी नेहमीसारखं बोलायचं, ये म्हणायचं.

तिने उचलला. मशीनचा पट्टा निघालाय, तिकडे दुकान आहे का विचारत होती. मला दोन क्षण मिळाले असतील. खरं सांगितलं असतं तर ती उलट लवकर आली असती, तशीच आहे ती. म्हणून तोंड सोडलं. आयुष्यात बोललो नाही ते बोललो. तुझं थोबाड बघायचं नाही, भावाकडे जा, मेलीस तरी इकडे फिरकू नकोस. तिच्या आईवरही गेलो. ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, बरं. एवढंच. फोन ठेवला.

थोरल्यांनी हातोडा डाव्या हातावर मारला. तीन बोटं. मारू दे. ती येणार नाही. माझा संसार मोडला आणि मी इथे भिंतीला टेकून हसतोय. या तोंडाने पहिल्यांदा काहीतरी चांगलं केलं.

मंगळवार, २५

तो बाहेर आला. जिन्यावर ओली पावलं.

माझ्यासमोर बसला. माझंच अंग, पण कोरं. दहाही बोटं. दुकानातल्या काचेने हनुवटीला पडलेली खूण नाही. तोंड उघडतो, बंद करतो, माशासारखा. आवाज नाही. थोरले म्हणाले, बोलायला शिकायला वेळ लागतो, एक जवळचा रस्ता आहे.

थोरल्यांनी डोकं धरलं. चिमट्याने बाहेर ओढली. ब्लेड. दोन घाव लागले, पहिल्याला अर्धीच —

जीभ. माझी. त्याने माझ्यासमोर खाल्ली. सावकाश, गोगलगाईसारखी.

तोंडात मोजा कोंबलाय. तोच, किड्यांचा.

बुधवार, २६

तांब्यात साधं पाणी होतं माझं. लपवला होता. तो आला की ओतणार — थोरल्यांना सापडला. आता खारट पाणी देतात. ओठ फुटले.

खालून आवाज येतो दिवसभर. माझा आवाज. आधी नुसते आ ऊ. मग शब्द. बादली. नळी. मोजा. वहीतलं वाचून दाखवतात का त्याला — नाही, वही गादीखाली आहे. माझ्या जिभेलाच सगळं माहीत आहे.

तिचं नाव म्हणाला आज. मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. अहो आणि अगं मध्येच अकरा वर्षं गेली आमची.

गुरुवार, २७

फोन केला. त्याने. भोकाला कान लावून ऐकलं सगळं.

माफी मागितली. त्या दिवशी डोकं फिरलं होतं म्हणाला. तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही म्हणाला. माझं वाक्य. मी पहिल्या दिवशी इथे लिहिलेलं, कधी न बोललेलं. तो बोलला.

ती रडली असेल. तो मध्ये थांबत होता, हं, हं करत होता. मग हसला. म्हणाला हो, तोंड तिकडेच ठेवून आलोय आता.

येतेय. उद्या. साडेदहाची बस.

बोटाचं तिला सांगितलं असतं तर. एवढंच एक सांगायला हवं होतं. दहा बोटं बघून तिला कळलं असतं. आता दहाच बोटं ती शोधणार. त्याला आहेत. मला नाहीत.

शुक्रवार, २८

रिक्षा. फाटक. मशीन खाली ठेवल्याचा आवाज, तिचंच, एक चाक करकरतं.

बोलतेय. किती बोलतेय. बस लागली म्हणे, शेजारी बसलेल्या बाईने अख्खा डबा संपवला म्हणे. तो हसतो. मी असा कधी हसलो नाही. तिला आवडतंय. आवाजावरून कळतं मला, आवडतंय तिला.

पाय ओढून भोकापाशी आलोय. तोंडातून आवाज काढला. ती म्हणाली वर काय आहे. तो म्हणाला पंप आहे, खराब झालाय.

टाकीपाशी आलेत. वरून तिचा भांग दिसतो. थोरले हातात पट्टी बांधून उभे. म्हणतायत, वहिनी, ते लाल किडे बघा, आमचे हात हे असे, आज एक हात हवा होता.

ती हसतेय. माझे रिकामेच आहेत म्हणते.

पदर खोचला. बाही वर करते —

हे पान फाडून खाली टाकतो. तुझ्या डोक्यावर पडेल. वर बघ. अगं वर बघ. तो मी नाही. परसात नळ आहे, साधं पाणी, बादलीभर, त्याच्या तोंडावर ओत आणि पळ. माझ्यासाठी थांबू नकोस. तुझ्याशिवाय माझं — ते मी लिहिलं होतं, आधी मीच —

वाकली.

पाण्यात हात घालू न